समोर उंच फ्रंटलाइन असेल तर आपले पाच कसे निवडायचे आणि कसे खेळवायचे

बास्केटबॉलच्या विभागीय फेरीचा ड्रॉ लागतो. समोरच्या संघात सव्वासहा फुटी सेंटर (रिंगजवळ खेळणारा) आहे, जोडीला सहा फुटांचे दोन फॉरवर्ड आहेत, म्हणजे फ्रंटलाइन उंच आहे, अशी खबर येते. आपल्याकडचे बरेच कोच मग एकच उपाय करतात. बाकावरचा सगळ्यात उंच पोरगा उठवून त्याला पहिल्या पाचात घालतात. पहिला क्वार्टर अर्ध्यावर येईपर्यंत त्या पोराचे दोन फाउल झालेले असतात. अटॅकमध्ये त्याच्याकडे कुणी पास देत नाही, म्हणजे आपण चारच जण खेळत असतो. आणि ज्या उंचीसाठी त्याला घातलं, ती तरीही समोरच्यापेक्षा चार-पाच इंच कमीच भरते.

हे फसलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सगळे छोटे, सगळे चपळ, "पळवून पळवून दमवू त्यांना." पण रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू, कुणी आणायचा हेच ठरलेलं नसतं, त्यामुळे पळण्यासाठी चेंडू हातात येत नाही.

दोन्हीकडे गोंधळ एकाच ठिकाणी होतो. नावं आधी ठरतात आणि कामं नंतर. खाली क्रम उलटा लावला आहे. सातारा-सांगली पट्ट्यातल्या शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि तालुक्याच्या क्लबांसाठी हे लिहितोय. म्हणजे सगळ्यात उंच खेळाडू पाच फूट दहा-अकरा इंच, सराव उघड्या सिमेंटच्या मैदानावर, आणि बाकावर खरे उपयोगाचे तिघं-चौघं. नियम सगळीकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, धरले आहेत. टीव्हीवरची एनबीए, ही अमेरिकेतली लीग, वेगळ्या नियमांनी चालते. ते बघून झालेल्या दोन ठळक चुका पुढे सांगितल्या आहेत.

## टप्पा १ : उंची सगळ्यांना दिसते, तुम्ही सवयी बघा

वॉर्म-अपमध्ये आपली पोरं ले-अप मारत असतात तेव्हा कोचने आपल्या पोरांकडे पाठ करून समोर बघायचं. हातात वही हवी. त्यांच्या प्रत्येक उंच खेळाडूचा नंबर लिहा आणि पुढे नोंदी करा.

सगळ्यात आधी हे बघा, की पास घेतल्यावर तो चेंडू कुठे धरतो. डोक्यावर धरणारा अवघड. कमरेपाशी आणणारा कितीही उंच असला तरी आपल्या पाच फूट पाच इंचाच्या गार्डच्या (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याच्या) हाताला सापडतो. मग बघा, तो कोणत्या खांद्यावरून वळतो. शाळकरी वयात बहुतेकांना एकच बाजू पक्की येते. उजव्या हाताचा खेळाडू उजव्या खांद्यावरून वळून सरळ डाव्या हाताने टाकू शकत नसेल, तर निम्मं काम झालं. रिंगपासून किती लांब गेल्यावर त्याचा शॉट संपतो, हेही टिपा. शॉट चुकल्यावर परत फिरताना पहिली तीन पावलं तो पळतो की चालतो? फ्री थ्रो कसे पडतात?

एक नोंद हमखास राहून जाते. त्याला चेंडू कोण पुरवतो? उंच सेंटर स्वतः चेंडू आणत नाही. त्याला योग्य वेळी वरून पास टाकणारा गार्ड प्रत्येक संघात एखाद-दुसराच असतो. त्याचा नंबर वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

या नोंदींवरून समोरचा संघ तीनपैकी कोणत्या जातीचा आहे ते कळतं. एक, रिंगखाली उभा राहणारा टॉवर, ज्याला पळवत नाही. दोन, उंच असूनही पळणारा आणि बाहेरून मारणारा. तीन, दोन उंच एकाच वेळी, एक वर फ्री थ्रो लाइनपाशी आणि एक खाली. पहिला सगळ्यात जास्त घाबरवतो आणि खरं तर सगळ्यात सोपा असतो. तिसऱ्यासाठी सगळ्यात जास्त तयारी लागते.

तपासा : मैदानही याच वेळी बघून घ्या. फक्कीने आखलेल्या रेषा दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यापर्यंत पुसट होतात. पेंटची, म्हणजे रिंगसमोरच्या चौकोनाची, रेषा दिसत नसेल तर अटॅकचा खेळाडू आत किती थांबला याचे तीन सेकंद पंच मोजणार कशावरून? ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब असा तो चौकोन नीट दिसणं तुमच्या फायद्याचं आहे. कॅप्टनने पंचांना आणि आयोजकांना विनंती करावी, "सर, पेंटची रेषा परत मारून घेता का?" याच भेटीत विचारून घ्या की २४ सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट घ्यायला लावणारं) लावणार आहेत का. उत्तर 'नाही' असेल तर टप्पा ५ मधलं बरंच काही बदलतं.

## टप्पा २ : कामं लिहा, मग त्यापुढे नावं

कागदावर पाच कामं लिहा.

पुढे उभा राहणारा. हा त्यांच्या मुख्य सेंटरवर, सेंटर आणि चेंडू यांच्यामध्ये. याला उंची लागत नाही. मांड्या भरलेल्या, बूड खाली, डोकं थंड आणि हात ताब्यात असलेला हवा. पाच फूट आठ इंचाचा दणकट पोरगा इथे पाच फूट अकराच्या काटकुळ्या पोरापेक्षा कितीतरी चांगला.

मागचा. तुमचा सगळ्यात उंच खेळाडू इथे. हा लेख वाचून एकच गोष्ट बदलणार असाल तर ही बदला. उंच पोराला त्यांच्या सेंटरला चिकटवू नका. त्यांचा जो फॉरवर्ड बाहेरून मारत नाही त्याच्यावर लावा. म्हणजे तो पेंटमध्ये मोकळा उभा राहू शकतो, वरून आलेला लॉब पास तोडू शकतो आणि दुसऱ्याने अडवलेल्या सेंटरच्या शॉटवर हात नेऊ शकतो. धक्काबुक्की त्याच्या वाट्याला कमी येते, त्यामुळे फाउलही कमी होतात.

पासरवर बसणारा. ज्या गार्डचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला, त्याच्यावर तुमचे सगळ्यात चपळ पाय.

बाहेरून मारणारा. कॉर्नरमधून किंवा पंचेचाळीस अंशांतून मोकळा शॉट घालणारा. हा नसेल तर त्यांचा टॉवर पेंट सोडून बाहेर येणार नाही आणि तुमचा प्रत्येक ड्राइव्ह (चेंडू घेऊन रिंगकडे घुसणं) त्याच्या हातात जाईल.

रिबाउंड उचलणारा. हा बहुतेक वेळा गार्ड असतो. का, ते टप्पा ३ मध्ये.

एका खेळाडूकडे दोन कामं चालतील. एकही काम रिकामं चालणार नाही. नावं भरून झाली की उंचीची बेरीज करत बसू नका. पाच पाच, पाच सात, पाच आठ, पाच नऊ, पाच अकरा असा पंचक कागदावर केविलवाणा दिसतो, पण कामं भरलेली असतील तर तो उभा राहतो.

समोर दोन उंच असतील तर? त्यातल्या जास्त चांगल्यावर पुढे उभा राहणारा, कमी चांगल्यावर मागचा. मागचा मदतीला सरकला की त्याचा माणूस रिंगखाली मोकळा राहतो. त्याला बॉक्स आउट करायला, म्हणजे पाठीवर घेऊन रिंगपासून अडवायला, लांबच्या बाजूचा गार्ड खाली यायलाच हवा. हे आधी सांगितलं नाही तर सामन्यात कुणालाच सुचत नाही.

आपल्या भागात बास्केटबॉलच्या संघात कबड्डी किंवा तालमीतून आलेला एखादा पोरगा असतोच. पुढे उभं राहण्यासाठी तो सोन्यासारखा. खाली बसून जागा धरणं त्याला शिकवावं लागत नाही. पण एक खोड हमखास येते. माणूस सुटतोय असं दिसलं की हात आपोआप त्याच्या कमरेला जातो. कबड्डीत ते कौतुकाचं, इथे सरळ फाउल. सरावात त्याच्या दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल द्या आणि तसंच डिफेन्स करायला लावा. मुठी बंद राहिल्या की पाय काम करायला लागतात.

सावध : पहिला पंचक ठरला म्हणजे निवड संपली नाही. 'पुढे उभा राहणारा' या एका कामासाठी तीन नावं लागतात, कारण हेच काम सगळ्यात जास्त दमवतं आणि फाउलही इथेच होतात. बारा जणांची यादी करताना तिसरा शूटर घेण्यापेक्षा तिसरा दणकट घ्या.

## टप्पा ३ : सरावात आधी बॉक्स आउट

सराव शूटिंगने सुरू करायची सवय मोडा. पाय ताजे असताना पहिली वीस मिनिटं बॉक्स आउटला. क्रम असा :

१. शॉट सुटला की नजर आधी आपल्या माणसावर. चेंडू वर गेलाय, तो लगेच खाली येत नाही.

२. एक पाऊल त्याच्याकडे टाकायचं आणि हात दुमडून त्याला स्पर्श करायचा, म्हणजे तो कुठून निघालाय ते कळतं.

३. पायावर वळून पाठ त्याच्याकडे. गुडघे वाकलेले, बूड त्याच्या मांडीला लागलेलं, कोपर खांद्याच्या रेषेत.

४. जागा धरायची. मागे ढकलायचं नाही, ढकललं की शिट्टी वाजते.

५. मग चेंडू.

मुलं तिसरी पायरी करतात, पण रिंगखाली जाऊन करतात. तिथे काही उपयोग नाही. रिंग ३.०५ मीटरवर आहे. तुमच्या डोक्यावरून तो हात लांबवून चेंडू घेऊन जाणार. बॉक्स आउट रिंगपासून निदान दोन मीटर अलीकडे लागला पाहिजे, तो पेंटमध्ये शिरायच्या आत. इथे टीव्हीवाली पहिली चूक येते. एनबीएमध्ये रिंगच्या वरच्या हद्दीत असलेल्या चेंडूला हात लावता येत नाही. फिबात मैदानी शॉट एकदा रिंगला लागला की रिंगवर नाचणारा चेंडूही कुणीही मारू शकतो. याचा फायदा उंच माणसाला. तो रिंगपाशी पोचलाच नाही पाहिजे.

आता गार्डचं काम. पुढे उभा राहणाऱ्याला स्पष्ट सांगा : "तुला रिबाउंड मिळवायचा नाही. तू त्याला बाहेर ठेव, बास." चेंडू गार्ड उचलेल. दोन दणकट पोरं दोन उंचांना पाठीवर घेऊन बसली की चेंडू त्यांच्या पुढच्या मोकळ्या जागेत पडतो आणि तिथे सगळ्यात आधी गार्ड पोचतो. शॉट झाल्या झाल्या गार्ड पुढे पळून गेले, तर हे गणित कोसळतं. छोट्या संघात पाचही जण रिबाउंडला थांबतात आणि चेंडू हातात आल्यावरच पळतात.

यासाठी एकच ड्रिल पुरेसं आहे. तीन विरुद्ध तीन, कोच बाहेरून शॉट मारतो. डिफेन्सने चेंडू पकडायचाच नाही, तो जमिनीवर एकदा टप्पा खाईपर्यंत समोरच्यांना अडवून धरायचं. टप्पा पडला तर डिफेन्स जिंकला. सुरुवातीला हरतात, चिडतात. तरी हेच चालू ठेवा. समोरच्यांना उंच करायला तुमच्या मोठ्या वर्गातली पोरं घ्या. १७ वर्षांखालच्या संघाला १९ वर्षांखालच्यांसमोर उभं करा.

सावध : ऑगस्ट-सप्टेंबरच्या भुरभुर पावसात सिमेंटचं मैदान शेवाळतं. बॉक्स आउट आणि फ्रंटिंग (सेंटरच्या पुढे उभं राहणं) दोन्ही पायाच्या पकडीवर चालतात. ओल्या मैदानावर हे ड्रिल करू नका. त्या दिवशी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसकं डिफेन्स आणि पाय बदलणं करून घ्या.

## टप्पा ४ : सेंटरला अडवायचं ते चेंडू पोचायच्या आधी

रिंगपासून एक मीटरवर चेंडू उंच सेंटरच्या हातात आला, की मग जे काही कराल ते फाउल नाहीतर दोन गुण. म्हणून सगळी मेहनत त्याआधी.

पहिला अडसर : पासर. त्याच्यासमोर हात वर करून, एका हाताच्या अंतरावर. त्याने ड्रिबल संपवला की एकदम चिकटायचं. जवळून अडवलेला खेळाडू पाच सेकंद चेंडू धरून राहिला तर चेंडू आपला. चांगला लॉब पास टाकायला त्याला समोर बघायला मोकळी नजर लागते, तीच द्यायची नाही.

दुसरा अडसर : फ्रंटिंग. चेंडू वरच्या बाजूला, फ्री थ्रो लाइनच्या रेषेच्या वर असेल तर पुढे उभा राहणारा सेंटरच्या वरच्या खांद्याशी, एक हात पासच्या वाटेत. चेंडू कॉर्नरकडे गेला की पूर्ण पुढे. ही अदलाबदल करताना सेंटरच्या पुढून जायचं. मागून फिरून गेलात तर तेवढ्यात पास आत येतो. मुलं मागेच राहतात, कारण मागे राहिलं की आपण रिंग आणि माणूस यांच्यामध्ये आहोत असं वाटतं. बाजूने ओरडत राहा : "मागं नको थांबू, पुढं ये, पुढं!"

तिसरा अडसर : मागचा. फ्रंट करणाऱ्याच्या डोक्यावरून लॉब येणार, हे गृहीत धरा. मागचा खेळाडू चेंडूच्या विरुद्ध बाजूने सरकून रिंगच्या समोर पेंटमध्ये उभा. त्याने तोंड बंद ठेवायचं नाही. "आहे मी मागं, आहे मी मागं" हे फ्रंट करणाऱ्याला सतत ऐकू आलं पाहिजे. ते ऐकू आलं नाही की तो भीतीने मागे सरकतो. टीव्हीवाली दुसरी चूक इथली. एनबीएत डिफेन्सलाही पेंटमध्ये तीन सेकंदांची मर्यादा आहे. फिबात ती फक्त अटॅकच्या संघाला आहे. तुमचा मागचा खेळाडू पेंटमध्ये हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. तरी आपल्याकडची पोरं टीव्हीवर बघून आत-बाहेर नाचत बसतात.

तरीही चेंडू आत गेला तर काय? चेंडू पकडल्या पकडल्या दोघं-तिघं तुटून पडू नका. त्या क्षणी तो समोर बघत असतो आणि मोकळा माणूस त्याला दिसतो. त्याने जमिनीवर पहिला टप्पा टाकला की दुसरा माणूस जातो. टप्पा टाकताना नजर खाली जाते आणि चेंडू गार्डच्या उंचीला येतो. जाणारा कोण, हे आधी ठरलेलं हवं. ज्याचा माणूस बाहेरून मारत नाही, तोच जाणार. बाकी तिघं दोन पासच्या वाटा झाकतात आणि सगळ्यात लांबचा माणूस सोडून देतात.

शॉटसाठी तो वर गेला तर दोन्ही हात सरळ वर, छाती पुढे, आणि उडी सरळ वर. वरून खाली चेंडूवर मारलेला हात पंचाला दिसतो, सरळ वर धरलेल्या हातांवर तो स्वतः आदळला तर शिट्टी सहसा वाजत नाही. दोन गुण गेले तर जाऊ द्यात. दोन गुण आणि वर फ्री थ्रो, हे नको.

झोनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उंच संघ दिसला की दोन-तीन झोन (पुढे दोघं, आत तिघं, माणसाऐवजी जागा राखायची) लावायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. आत तिघं उभे दिसतात म्हणून बरं वाटतं. पण झोनमध्ये शॉट सुटतो तेव्हा प्रत्येकाकडे जागा असते, माणूस नसतो. बॉक्स आउट कुणाला करायचं हे शोधण्यातच उंच खेळाडू आत शिरतो. झोन लावा, पण तुकड्या-तुकड्याने. आपली बास्केट झाल्यावर दोन-तीन वेळा, किंवा पुढे उभा राहणाऱ्याला दम खाऊ देण्यासाठी. आणि त्यांचे गार्ड बाहेरून मारणारे असतील तर तेवढंही नको.

तपासा : सरावात पाच विरुद्ध पाच खेळवा आणि बाहेर बसलेल्या एकाला फक्त एकच गोष्ट मोजायला सांगा : पेंटमध्ये गेलेले पास. त्यातले निम्म्याहून जास्त सरळ छातीच्या उंचीचे असतील तर पासरवरचा दाब कमी आहे. बहुतेक लॉब असतील तर फ्रंटिंग चालू आहे, आता मागच्याचा वेळ सुधारा.

## टप्पा ५ : अटॅकमध्ये टॉवरला त्याच्या जागेवरून हलवा

पाचही जण तीन गुणांच्या रेषेजवळ, पेंट रिकामा. रेषा समोरून ६.७५ मीटर आणि कॉर्नरमध्ये ६.६० मीटर. शाळकरी मुलांना एवढ्या लांबून जमत नसेल तर रेषेच्या मीटरभर आत उभं करा. गुण तीनचे मिळाले नाहीत तरी चालेल, सेंटर बाहेर आला पाहिजे.

त्यांचा सेंटर तुमच्या ज्या खेळाडूवर उभा आहे, त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे आपल्या गार्डला अडवणाऱ्याच्या वाटेत उभं राहायला, पाठवा. इथे चूक ठरलेली असते. तुमचे दोन चांगले गार्ड एकमेकांना स्क्रीन देत बसतात आणि टॉवर निवांत रिंगखाली उभा. त्याचा माणूस स्क्रीनला आला की त्याला दोनच वाटा. बाहेर यायचं, म्हणजे तुमच्या गार्डसमोर त्याचे पाय उघडे पडतात. नाहीतर मागे थांबायचं, म्हणजे फ्री थ्रो लाइनपाशी मोकळा शॉट.

ड्राइव्ह करणाऱ्याला शेवटची दोन पावलं शिकवा. रिंगपर्यंत जाऊन सरळ ले-अप टाकला की ब्लॉक होणारच. दोन पायांवर थांबून शॉटची हूल द्यायची, तो उडाला की खालून पास किंवा वळसा. नाहीतर रिंगखालून पलीकडे जाऊन उलट्या बाजूने टाकायचं, म्हणजे रिंग आणि जाळीच त्याच्या हाताच्या आड येते. रोज पन्नास चेंडू असेच टाकून घ्या. कुणाला तरी हातात झाडू धरून रिंगखाली उभं करा. हसू येतं, पण शॉटची उंची दोन दिवसांत बदलते.

पळण्याबद्दल. वेगवान खेळ म्हणजे घाईचा शॉट, असा समज पक्का झालेला आहे. खरा फायदा बास्केट चुकल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांत असतो, टॉवर परत यायच्या आत. त्या वेळात तुमचा पुढे उभा राहणारा सरळ रिंगकडे धावला पाहिजे, चेंडू मिळो न मिळो. त्याच्यामागे टॉवरला धावावं लागतं. असं दहा वेळा झालं की चौथ्या क्वार्टरला तो कमरेवर हात ठेवून उभा दिसेल. त्या वाटेने काही निघालं नाही, तर थांबा आणि चेंडू फिरवा. २४ सेकंदांचं घड्याळ नसेल तर अजूनच थांबा. सलग बचाव करणं उंच आणि जड खेळाडूला पळण्याइतकंच दमवतं.

आपला शॉट चुकल्यावर रिबाउंडला एकच जण, फार तर दोघं. बाकी मागे. घड्याळ असेल आणि रिबाउंड मिळाला तर नवे १४ सेकंद मिळतात हे खरं, पण तिघं-चौघं आत घुसून पळणाऱ्या संघाला मोकळं मैदान देणं परवडत नाही.

## टप्पा ६ : सामन्यात बदली कुणाची आणि कधी

बाकावर एक पोरगा वही घेऊन बसवा. त्याने तीन रकाने भरायचे : त्यांना मिळालेले अटॅकचे रिबाउंड, त्यातून झालेल्या बास्केट, आणि आपले वैयक्तिक व टीम फाउल. सेंटरचे गुण मोजायचे नाहीत. ते मोजले की कोचचा हात चुकीच्या बदलीकडे जातो.

२०१५ च्या एनबीए फायनलचा चौथा सामना याचं चांगलं उदाहरण आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्सने आपला सेंटर अँड्र्यू बोगट याच्या जागी आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचात घेतलं. सहा फूट सहा इंचांचा ड्रेमंड ग्रीन सेंटरच्या जागी खेळला. समोरच्या क्लीव्हलँडच्या सेंटरने, तिमोफेई मोझगोव्हने, त्या सामन्यात २८ गुण केले. वॉरियर्स १०३–८२ असे जिंकले. पुढच्या सामन्यात क्लीव्हलँडनेच मोझगोव्हला फार थोडा वेळ खेळवलं. समोरच्या सेंटरला गुण मिळत असताना त्यांचे बाकीचे चौघं थंड पडत असतील, तर चालू द्या.

बदलीचे ठोकताळे :

पुढे उभा राहणारा सलग पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त नको. दमल्याची पहिली खूण चेहऱ्यावर दिसत नाही, पायात दिसते. तो पुढून मागे सरकायला लागतो. दोनदा लागोपाठ मागे दिसला की बाहेर. दुसऱ्या क्वार्टरच्या आत त्याचे दोन फाउल झाले तरी बाहेर. पाचव्या फाउलला तो सामन्यातूनच जातो, आणि तिसरा फाउल मध्यंतराआधी झाला तर दुसरा अर्धा तो घाबरत खेळतो.

मागचा आणि पुढचा एकाच वेळी बदलू नका. एकाला तरी लय सापडलेली असावी.

क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पाचव्यापासून साध्या बचावातल्या फाउललाही दोन फ्री थ्रो जातात. तिसऱ्या फाउललाच बाकावरून ओरडून सांगा, आणि चौथ्यानंतर पासरवरचा दाब एक पाऊल मागे घ्या.

आणि त्यांनीच टॉवर काढला तर? हे होतं, आणि आपल्याकडचे संघ इथे बावचळतात. २०२० मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने सेंटर क्लिंट कपेलाला दुसऱ्या संघात पाठवलं आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला मध्ये खेळवलं. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत लेकर्सविरुद्ध पहिला सामना ते जिंकले. मग लेकर्सने आपले जड सेंटर जवळजवळ बाजूला ठेवले, अँथनी डेव्हिसला मध्ये आणलं आणि मालिका ४–१ ने घेतली. समोरचाही पळायला लागला की तुमचा वेग हा फायदा राहत नाही. तेव्हा लगेच तुमचा उंच पोरगा सेंटरवर घ्या, दोन दणकटांपैकी एक बाकावर, आणि नेहमीचा खेळ. हा दुसरा पंचक सरावात निदान दोन-चार वेळा एकत्र खेळलेला हवा.

सावध : मार्च-एप्रिलमध्ये सांगली-मिरजेच्या दुपारच्या उन्हात सामना असेल तर वरची मिनिटं एक-दोनने कमी धरा. फ्रंटिंग करणाऱ्याचं पाणी सगळ्यात आधी संपतं.

## टप्पा ७ : शेवटची दोन मिनिटं

दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइम आउट असतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच घेता येतात. तिसरा जपून ठेवलात तर तो वाया जातो. दोन मिनिटं उरायच्या आत एक घ्या, आणि त्यात एकच गोष्ट बोला : कुणाचा कोण.

आघाडीवर असाल तर शेवटच्या पंचकात फ्री थ्रो पक्के असलेले चौघं आणि पुढे उभा राहणारा एक. तोही फ्री थ्रोचा कच्चा असेल तर चेंडू त्याच्या हातात जाऊ देऊ नका, समोरचे मुद्दाम त्यालाच फाउल करतील. पिछाडीवर असाल तर दोन शूटर वाढवा, पण मागचा काढू नका. दोन गुणांनी मागे असताना त्यांना दिलेला एक अटॅक रिबाउंड म्हणजे चौदाएक सेकंद गेले.

त्यांचा फ्री थ्रो असेल तेव्हा रिबाउंडच्या जागांवर आपले तिघं आणि त्यांचे दोघं असतात. रिंगजवळच्या दोन्ही जागा आपल्याच. तिथे तुमचे दोन दणकट उभे करा, उंच पोराला नाही. चेंडू हातातून सुटताच दोघांनी आत एक पाऊल टाकून शेजारच्या उंच माणसाला पाठीवर घ्यायचं. तिसऱ्याचं काम शॉट मारणाऱ्याला अडवायचं. हा तिसरा झोपतो आणि शॉट मारणाराच आपला चुकलेला चेंडू उचलून बास्केट करतो, असं आपल्याकडे वारंवार होतं. त्याचं नाव टाइम आउटमध्ये घ्या, बोट दाखवून घ्या. उंच पोरगा आणि चेंडू उचलणारा गार्ड रेषेबाहेर मागे. चेंडू लांब उडाला तर तो त्यांच्याच दिशेने येणार.